चार एकर, साडेचार लाख आणि आटत आलेली विहीर : सुरुवात कुठून करावी?

शिवारातली
१६ फेब्रुवारी २०२५

नमस्कार. तीन वर्षं इथलं नुसतं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले.

आम्ही दोघं, मी २७ आणि हे ३१, आणि साडेतीन वर्षांची मुलगी. लग्नानंतर सहा वर्षं पुण्याजवळ काढली. ह्यांची कंपनीत कंत्राटी नोकरी, मी एका शाळेच्या ऑफिसात. दिवाळीत सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की आता माझ्यानं औताच्या मागं चालणं होत नाही. मागची दोन वर्षं जमीन ठोक्यानं दिलेली होती. येत्या पाडव्यापासून ती आम्ही स्वतः कसणार आहोत. हे ठरलं आहे, त्यामुळे यावं की न यावं हा प्रश्न माझा नाही.

जमीन लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतरणीला. आठ एकरांपैकी आमच्या वाट्याची चार, बाकीची दिरांची. वरची दीड एकर बरड आहे, वीतभर खणलं की मुरूम लागतो. खालची अडीच एकर काळी, पण पावसाळ्यात मधून पाणी वाहून चर पडलाय. विहीर ४५ फूट. संक्रांतीनंतर तळ दिसायला लागतो. काल मी आणि हे खाली उतरलो. पूर्वेच्या कपारीतून करंगळीएवढी धार येते, दगडाला शेवाळ धरलंय तेवढ्याच पट्ट्यात. पंधरा लिटरची बादली खाली धरली आणि मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटांत भरली. वर आल्यावर सासरे म्हणाले, ही कपार २०१६ च्या उन्हाळ्यातही सुकली नव्हती, त्याच साली लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं.

जवळ साडेचार लाख आहेत. कर्ज नाही. गावात विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, आधी बोअर घ्या. कोणी म्हणतं सहाशे फूट, कोणी आठशे. ह्यांचाही कल तिकडेच आहे. माझं मन धजत नाही, पण नको म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. बोअर, शेततळं, म्हशी, शेळ्या, ट्रॅक्टर, यातलं आधी काय?

---

माळवद
१६ फेब्रुवारी २०२५

बाई, तुमची जमीन न बघता सांगतोय, म्हणून जपून सांगतो. मी रेणापूर भागातला. २०१३ ते २०१८ या सालांत म्या तीन बोअर घेतले. पहिला ४२०, कोरडा. दुसरा ६५०, त्याला दोन इंच पाणी लागलं, दोन उन्हाळे चाललं अन् मग थांबत-थांबत गुळण्या टाकायला लागलं. तिसरा शेजाऱ्याच्या बोअरच्या ईर्षेनं घेतला, तो कोरडा. ते पैसे फेडायला खालची सव्वा एकर गेली. अजून त्या वावराच्या धुऱ्यावरून जाताना मान वळवून घेतो.

पाणाड्यानं नारळ फिरवला, लिंबाचं फोक फिरवलं, सगळं झालं. आपल्या भागात काळा खडक हाय. त्यात पाणी भेगांत असतंय, भेग लागली तर लागली. घरात साठवलेला पैसा त्या भेगेवर लावू नका.

पहिलं साल हात राखून काढा. येत्या पहिल्या मोठ्या पावसात दोघंबी छत्री घेऊन वावरात उभं राहा अन् पाणी कुठून येतंय, कुठं थांबतंय, कुठून पळतंय ते बघा. तुमच्या सासऱ्याला ते सगळं ठाऊक असणार, त्यांना बांधावर खुर्ची टाकून बसवा.

---

निंबोळी
१७ फेब्रुवारी २०२५

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले, आता माहेरचीच शेती बघते. माळवदकाकांच्या बोलण्याला थोडा हिशेब जोडते, कारण ताईंनी बादली लावून मोजलंय आणि असं मोजणारं फार कमी भेटतं.

चार मिनिटांला १५ लिटर म्हणजे दिवसाला साडेपाच हजार लिटरच्या आसपास. दहा गुंठ्यांतल्या ठिबकावरच्या माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला, हिवाळ्यात एवढं पुरतं. उन्हाळ्यात क्षेत्र निम्मं करा आणि उरलेलं घर-जनावरांना. तेव्हा "विहीर आटली" असं म्हणू नका. ती चार एकरांना पुरत नाही, एवढंच. कपार जपा, गाळ काढा, एवढ्या कामाला बोअरच्या मानानं फार थोडे पैसे लागतात.

आता पावसाचं. एक एकरावर एक इंच पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी पडतं. आपल्याकडे पावसाळ्यात सरासरी ६८० मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणजे एकरी सत्तावीस लाख लिटर. चार एकरांवर कोटीच्या वर गेलं. त्यातलं तुमच्या चराच्या वाटेनं किती निघून जातं ते बघा.

वर वीस बाय वीस मीटर, खोली तीन मीटर आणि बाजूंना उतार धरला तर शेततळ्यात पावणेनऊ लाख लिटर मावतं. जागा जाते चार गुंठे, भराव धरून सहा-सात. पिकाला ऐन वेळी दोन इंचांचं एक संरक्षित पाणी द्यायचं तर एकरी दोन लाख लिटर लागतं. म्हणजे चारही एकरांना एक पाणी, नाहीतर दोन एकरांना दोन. सोयाबीनच्या शेंगा भरताना पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो तेव्हा या एका पाण्यावरच खळं ठरतं. उसासाठी हे पाणी नाही, ते आधीच मनाशी धरा.

दोन अडचणी आहेत. मुरमात खोदलं तर पाणी झिरपतं, तळाला प्लास्टिकचा कागद टाकावाच लागतो. आणि मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं वाफेनं उडतं. त्यामुळे शेततळ्यातलं पाणी उन्हाळ्यासाठी राखायचं नसतं, रब्बीत वापरून टाकायचं.

---

रात्रपाळी
१७ फेब्रुवारी २०२५

कोणाला वाईट वाटलं तरी लिहितो. मी बीडचा, अकरा वर्षं कंपनीत आहे. माझा धाकटा भाऊ असाच बायकोला घेऊन गावी गेला. पहिल्या वर्षी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं, तो २०२२ चा पावसाळा. पेरलेलं वर आलं की रात्रीतून ओळीच्या ओळी साफ. दुसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली, वर पिवळा मोझॅक रोग. तिसऱ्या वर्षी वहिनीचे दागिने सोसायटीच्या हप्त्याला गेले. जमीन चांगली होती, दोघंही राबणारे होते. फक्त घरखर्चाला वेगळा पैसा ठेवलेला नव्हता. किराणा, दवाखाना, मुलाची फी सगळं पिकाच्या पट्टीतून निघायचं, म्हणून माल आला की त्याच दिवशी मोंढ्यात न्यावा लागायचा, भाव काहीही असो.

एकानं दोन वर्षं नोकरी धरून ठेवावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

शिवारातली
१८ फेब्रुवारी २०२५

रात्रपाळीदादा, वाईट वाटलं नाही. तुमच्या वहिनीची गोष्ट मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

एकानं नोकरी धरायची तर ती ह्यांची. मग इथे सासरे, सासूबाई, मुलगी आणि चार एकर माझ्या एकटीवर. मी जीव लावून करीनही, पण आम्ही जे एकत्र मिळून करायला निघालोय ते त्यातून होणार नाही. मात्र घरखर्चाचं म्हणणं पटलं. महिन्याला अकरा हजार धरून अठरा महिन्यांचे १ लाख ९८ हजार आज वेगळ्या खात्यात टाकले. त्या खात्याचं एटीएम कार्ड सासूबाईंच्या पेटीत आहे. उरले अडीच लाख. आता जे करायचं ते त्यातच.

---

कळंबकरीण
१८ फेब्रुवारी २०२५

ताई, शेळ्यांबद्दल मी सांगते. माझ्याकडे उस्मानाबादी आहेत, आज लहानमोठ्या चौदा. सुरुवात तीनवर केली होती. आमच्या गावात एकानं शेड बांधून एकदम चाळीस आणल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात अर्ध्या मेल्या, कारण चार वेगवेगळ्या बाजारांतून आणलेल्या, कोणती कोणता आजार घेऊन आली कळलंच नाही.

तुम्ही दोनच घ्या. बाजारातून नको, ओळखीच्या घरातून घ्या, म्हणजे मागच्या वेताला किती करडं झाली ते कळतं. काळी, लांब कानाची, जुळं देणाऱ्या आईची पाठ निवडा. गाभण काळ पाच महिन्यांचा. बसायला जमिनीपासून हातभर उंच लाकडी माच करा, ओल्यात बसली की खूर सडतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्यायचीच, पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगचीही. आणि करडू जन्मलं की तासाच्या आत त्याला चीक पाजायचा. रात्रीचे दोन असोत, उठायचं.

बांधावर शेवरी आणि सुबाभूळ आत्ताच लावायचं ठरवा. चाऱ्याची सोय आधी, शेळी नंतर.

---

धुऱ्याकडची
२० फेब्रुवारी २०२५

सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी विचारली नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे?

सासऱ्यांच्या नावावर असेल तर शेततळं, ठिबक, कशाचाच अर्ज तुमच्या नावानं जाणार नाही. अल्पभूधारकाला ठिबकावर ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते सातबारा आणि शेतकरी ओळख क्रमांकावर मिळतं. दोन्ही भावांची आणि सासऱ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. सगळे एका घरात गोडीनं जेवतायत तेव्हाच हे करून घ्यावं.

आणि वाटणी होऊन जमिनीच्या नोंदीत फेरफार पडला की त्याच हातानं लक्ष्मी मुक्तीचा अर्ज द्या. नवरा स्वतःहून अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावू शकतो. शेतकरी संघटनेनं हे अभियान गावागावांत नेलं, १९९२ मध्ये शासनानं त्याचं परिपत्रक काढलं.

मी हे पोटतिडकीनं का लिहिते ते सांगते. माझे मालक गेले तेव्हा मी त्या शेतात चौदा वर्षं खुरपलं होतं. कापूस वेचून माझी बोटं कायमची चिरलेली होती. पण कागदावर मी कुठेच नव्हते. वारसनोंद व्हायला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत ना पीककर्ज मिळालं, ना नुकसानभरपाई. ताई, तुम्ही विहिरीत उतरून बादली धरलीत. त्या विहिरीच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव पाहिजे.

---

शिवारातली
२० फेब्रुवारी २०२५

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ह्यांना फोन दिला, त्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले, दादाला आजच बोलवू.

---

शिवारातली
९ जून २०२५

तीन महिन्यांनी येतेय. थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढं कोणीतरी असंच विचारेल.

दीर-जाऊबाई आले, सासऱ्यांसमोर बोलणं झालं. दिरांनी खळखळ केली नाही, फक्त विहीर दोघांच्या सामाईक राहावी म्हणाले, तसं लिहून घेतलं. वाटणीचा फेरफार मेमध्ये मंजूर झाला. लक्ष्मी मुक्तीचा अर्ज दिलाय.

पावसानं यंदा सगळ्यांनाच चकवलं. रोहिण्या लागायच्या आधीच, मे महिन्यात असा कोसळला की चरातून गुडघाभर पाणी. माळवदकाकांनी सांगितलं तसं आम्ही उभे राहिलो. सासरे बांधावर खुर्चीत, डोक्यावर पोतं. ते काठीनं दाखवत होते आणि हे चुन्याच्या पिशवीनं खुणा करत होते. बरडावरचं पाणी दोन तोंडांनी येतं आणि आमच्याच हद्दीत जांभळाच्या झाडाखाली एकत्र होतं. इतकी वर्षं ते तिथून खाली नाल्याला जात होतं. तळ्याची जागा तिथेच ठरली.

उघडीप मिळताच खोदाई केली. वीस बाय वीस. सात फुटांवर मुरूम लागल्यामुळे कागद टाकला. अनुदानाच्या सोडतीची वाट बघितली असती तर पावसाळा गेला असता, म्हणून स्वतःच्या पैशांनी. खोदाई आणि कागद मिळून १ लाख १२ हजार. तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा आणि दगडांची पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेलं अस्तर, ते आम्ही दोघांनी हातानं केलं.

बियाण्याचं. दुकानातून सोयाबीनच्या तीन बॅगा आणल्या होत्या. निंबोळीताईंनी दुसऱ्या एका धाग्यावर लिहिलेलं वाचलं होतं, म्हणून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उघडलं, मोड आलेले ५८. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. हे घरी येऊन जेवले नाहीत. मग शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्यांकडून घरचं बियाणं आणलं, त्याचे ८३ उगवले.

मे महिन्याच्या पावसावर गावात बऱ्याच जणांनी पेरलंय. आम्ही थांबलोय. ह्यांची घालमेल होते, माझीही. अंगणात सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात पडेल तेवढं पट्टीनं मोजतोय.

---

निंबोळी
९ जून २०२५

थांबलात ते बरोबर केलंत. हा मान्सूनपूर्व आणि मान्सूनचा पाऊस एकात एक मिसळलाय, मधे खंड पडण्याची भीती आहे. ७५ ते १०० मिलिमीटर सलग होऊ द्या, वापसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती पेरण्याजोगी होऊ द्या, मग पेरा. दाणा तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. जमलं तर रुंद वरंबा-सरीवरच पेरा, म्हणजे पीक उंच पट्ट्यावर आणि पाणी जायला बाजूनं सरी. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. बरडाच्या बाजूला तुरीचा बीडीएन ७११ घ्या, बदनापूरचा आहे, साधारण १५० दिवसांत निघतो. हलक्या रानात ओल संपायच्या आत शेंगा भरतात.

---

शिवारातली
३० सप्टेंबर २०२५

आठवडाभर लाईट नव्हती, आज मोबाईल चार्ज झाला.

मराठवाड्यात काय झालंय ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच असेल. आमच्या गावचा नाला शिवारात घुसला. नदीकाठच्या लोकांची माती खरडून गेलीय, खाली नुसते गोटे उरलेत. आमचं त्या मानानं थोडक्यात निभावलं, हे लिहितानाही अपराध्यासारखं वाटतं.

पेरणीच्या वेळी वरंबा-सरीचं यंत्र एकच दिवस मिळालं होतं, त्यामुळे दोन एकर वरंब्यावर आणि खालची एक एकर सपाट पेरली होती. सपाट एकरात चार दिवस पाणी तुंबलं. सोयाबीन उभ्याउभ्या काळं पडलं, शेंगेतच मोड आले. हातात घेतली तर शेंग ओल्या कागदासारखी फाटते आणि आतून आंबूस वास येतो. तिथली तूरही पिवळी पडून मान टाकतेय. वरंब्यावरच्या दोन एकरांत सरीतून पाणी निघून गेलं, पीक उभं आहे. एकच रान, एकच बी, एकाच दिवसाची पेरणी.

आमच्या शेळीचं एक करडू गेलं. जुळ्यातलं धाकटं. चीक पाजला होता, रात्रभर चुलीजवळ घेऊन बसले होते.

तळं तुडुंब आहे. सांडव्यातून सहा दिवस पाणी चाललं, भराव टिकला.

---

माळवद
१ ऑक्टोबर २०२५

पोरी, पंचनामा झाल्याशिवाय त्या एकराला हात लावू नका. फोटो काढून ठेवा, मोबाईलवरून पिकाची नोंद, ती ई-पीक पाहणी, केलेली हाय ना ते बघा. वरंब्यावरचं वाळू द्या, घाई करू नका. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवा म्हणजे दाणा फुटणार नाही, पुढच्या सालचं बी त्यातूनच धरता येईल.

करडाचं वाईट वाटलं.

---

रात्रपाळी
२ ऑक्टोबर २०२५

ताई, वेगळ्या खात्यातले पैसे शिल्लक आहेत का? काही लागलं तर इथे लिहा, संकोच करू नका.

---

शिवारातली
२० डिसेंबर २०२५

रात्रपाळीदादा, आहेत. दहा महिने तेवढ्यावरच घर चाललं आणि त्यामुळेच सोयाबीन ऑक्टोबरात विकावं लागलं नाही. वरंब्यावरच्या दोन एकरांत चौदा क्विंटल झालं, सपाट एकरात जेमतेम अडीच आणि तेही डागी. डागी माल मोंढ्यात पडेल त्या भावाला दिला. चांगल्यातलं दीड क्विंटल बियाण्याला निवडून ठेवलं. बाकीचं वाळवून, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणून हमीभावाच्या नोंदणीत लावलं, क्विंटलला ५,३२८ नं. पैसे यायचे आहेत. या वर्षी नफा झालेला नाही. खर्च निघाला, घर चाललं, कर्ज झालं नाही. अडीच लाखांतले ६१ हजार अजून हातात आहेत.

दहा गुंठ्यांतल्या मेथी, पालक, वांग्यांनी मला आश्चर्य वाटावं इतका हात दिला. दर शनिवारी सासूबाई आणि मी आठवडी बाजारात बसतो. सासूबाईंना सगळा बाजार ओळखतो, माझ्या पाटीपेक्षा त्यांची पाटी अर्धा तास आधी संपते.

काल येळवस, म्हणजे शेतात साजरी करतात ती वेळ अमावास्या, होती. कडब्याची कोप केली, आत पाच पांडव मांडले. बाजरीचे उंडे, भज्जी, मडकंभर आंबील. दीर-जाऊबाई मुलांसह आले होते, पुण्याहून ह्यांचे दोन मित्रही. सासरे काठी न घेता कोपीपर्यंत चालत गेले. संध्याकाळी ह्यांनी पिशवीतून नवा सातबारा काढून सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. ह्यांच्या नावाखाली माझं नाव आहे.

आता निंबोळीताई, एक विचारायचं होतं. दीड एकर हरभरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलाय. तीस-बत्तीस दिवसांनी तळ्यातून तुषारवर एक पाणी दिलं. आता फुलं लागलीत आणि वरची माती भेगाळायला लागलीय. तळ्यात दहा फुटांची खुणा केलेली काठी रोवलीय, ती आज सातवर आहे. लगेच दुसरं पाणी देऊ का?

---

निंबोळी
२० डिसेंबर २०२५

नाव लागलं! फार, फार आनंद झाला.

पाणी आत्ता नको. भर फुलात तुषार चालवलं की फुलगळ होते, पीकही नुसतं माजतं. घाटे भरायला लागले की द्या, पेरणीपासून साठ-पासष्ट दिवसांनी. भेगा बोटभर रुंद झाल्या तर मला फोटो टाका. तोवर घाटेअळीसाठी पक्षिथांबे उभे करा आणि एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा.

---

शिवारातली
२१ डिसेंबर २०२५

बरं. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आज पहाटे हे आणि मुलगी मिळून तुराट्यांचे अठरा पक्षिथांबे रोवून आले. एकावर कोतवाल येऊन बसलाय.